शेणखताचा लाल माठ आणि सहा जिभा

आमच्या बाबांना काहीच कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. त्यांना फायली कळत. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेला माणूस, कुठला कागद कुठल्या कागदाखाली दाबायचा हे त्यांना बरोबर ठाऊक असे. पण निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात त्यांना शेती कळायला लागली आणि आमच्या घराची वाट लागली.

हे ऐंशीनंतरच्या तीन-चार वर्षांतलं. अंधेरीला पूर्वेकडे, तीन मजली सोसायटीत, तळमजल्यावर आम्ही राहायचो. घरात तिघंच: बाबा, आई आणि मी. मी पार्ल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. म्हणजे खताबद्दल चार अक्षरं शिकलेली घरात मी एकटीच, आणि खताबद्दल तोंड उघडायची बंदीही मलाच.

सुरुवात झाली पार्ल्यातल्याच एका व्याख्यानाने. फुकट होतं, शेवटी चहा होता, म्हणून बाबा गेले. वक्त्यांनी सांगितलं म्हणे की रासायनिक खताने भाजीची चव मरते, आपण सगळे भाजी म्हणून चोथा खातोय, आणि खरी चव फक्त शेणखतावर वाढलेल्या सेंद्रिय भाजीतच राहिलेली आहे. संध्याकाळी पानावर बसल्या बसल्या बाबांनी फ्लॉवरचा तुकडा नाकाशी नेला आणि म्हणाले, युरियाचा वास येतोय. त्याच गड्ड्याची अर्धी भाजी ह्याच गृहस्थांनी आदल्या दिवशी दोनदा मागून खाल्ली होती. मी म्हटलं, बाबा, युरियाला असा वास नसतो. त्यावर, कॉलेजात तुम्हाला कंपन्यांची बाजू शिकवतात, एवढं बोलून त्यांनी फ्लॉवर ताटाच्या कडेला सारला. आईने तो उचलून स्वतःच्या पानासाठी बाजूला ठेवला. टाकायचं नाही, हा तिचा नियम होता.

आठ दिवसांत त्यांनी मंडळ काढलं. ‘शुद्ध भाजी मंडळ’. सभासद चार. एक बाबा. दुसरे दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर, तेही निवृत्त, बोलताना दर वाक्याला बोट वर करायचे. तिसरे समोरचे बँकवाले काका, ज्यांच्या पँटची इस्त्री आंघोळीतसुद्धा मोडत नसावी. आणि चौथे होमिओपॅथीचे डॉक्टर, त्यांच्याकडे पेशंट कमी आणि वेळ फार. मी त्याला शेणखत मंडळ म्हणायचे, अर्थात मनातल्या मनात. मंडळाने बी आणायच्या आधी रबरी शिक्का करून आणला.

ह्या चौघांपैकी एकानेही आयुष्यात जमिनीत बोट घातलेलं नव्हतं. बाबा मालवणकडचे खरे, पण चौदाव्या वर्षी मुंबईला आले ते आलेच. मे महिन्यात गावी गेले की ओसरीवर बसून भावाला सल्ले द्यायचे. आईचं तसं नव्हतं. लग्न होईपर्यंत ती गुडघाभर चिखलात उभी राहून भात लावायची, पावसाळा सरला की वायंगणाच्या शेतात भाजी करायची, गोठा काढायची. म्हणजे मंडळाच्या चार जणांत आणि आईत मिळून शेती एकट्या आईला येत होती. ती सभासद नव्हती. ती मंडळाला चहा द्यायची.

जागा ठरली बिल्डिंगच्या मागची. कंपाउंडची भिंत आणि संडासाची टाकी यांच्यामधली दोन खाटा मावतील एवढी पट्टी. मी टाकीचा विषय काढला तर डॉक्टर म्हणाले, सूक्ष्म मात्रेत सगळंच उपकारक असतं. शेण आणायला चौघे आरे कॉलनीत गेले. तिथल्या गोठ्यातून दोन पोती ओलं शेण घेतलं आणि ती पोती घेऊन बसमध्ये चढले. पुढच्याच थांब्यावर कंडक्टरने त्यांना पोत्यांसकट उतरवलं. बाबा त्याला समजावत होते की हे शेण नाही, सेंद्रिय खत आहे. कंडक्टर म्हणाला, मग चालत न्या. आरेच्या जंगलातल्या रस्त्याने चार सुशिक्षित माणसं दोन पोती डोक्याखांद्यावर घेऊन घरी आली, आणि बँकवाल्या काकांच्या पँटची इस्त्री शेवटी एकदाची मोडली. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आणलेल्यातलं एक पोतं ताजं शेण त्यांनी तसंच मातीत कालवलं. आईने खिडकीतून सांगून बघितलं की ते कच्चं आहे, कुजायला हवं, नाहीतर मुळं जळतील. बाबा म्हणाले, तुला ह्यातलं कळत नाही, हे शास्त्रीय आहे. झालं, पी हळद आणि हो गोरी. पंधरा दिवसांत सगळी रोपं पिवळी पडून आडवी झाली. मंडळाने सभा घेऊन मुंबईच्या हवेला दोष दिला. नाचता येईना, अंगण वाकडं. आईने उरलेलं पोतं भिंतीच्या कोपऱ्यात रचलं, वर पालापाचोळा टाकला, दोन-तीन महिने पाणी शिंपडून झाकून ठेवलं, आणि मग ते पसरलं. लाल माठ असा काही तरारून वर आला की बिल्डिंगमधली माणसं मागच्या खिडकीतून बघायला लागली. मंडळाच्या वहीत मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं की मंडळाच्या अथक प्रयत्नांना यश आलं. खाली शिक्का.

आता पाण्याचं. आमच्याकडे पाणी पहाटे पाचला यायचं, तासाभराने जायचं. आई त्या तासात घरातली पिंपं, बादल्या, हंडे, कळशा भरून ठेवायची. पट्टी आमच्या खिडकीमागे, म्हणून पाणी घालायचं काम आमच्याकडे आलं. आमच्याकडे म्हणजे आईकडे. रोजच्या चार बादल्या वाढल्या. बाबा पाठीमागे हात बांधून उभे राहायचे आणि कुठे कमी पडतंय ते दाखवायचे.

आणि भाजी किती यायची? आठवड्यातून कधी माठाची एखादी जुडी, कधी चार वांगी, त्यातल्या दोनात किडे. ती चार घरांत वाटायची. आमच्या वाट्याला शिजल्यावर एक वाटी व्हायची, तीही सपाट. त्यामुळे ती असेल त्या दिवशी आईला दोन भाज्या कराव्या लागत. बाबांसाठी पट्टीवरची, आणि बाकीच्यांसाठी बाजारातली. आमच्याकडे बाबा आणि आलेगेले आधी बसत. मला कॉलेजची घाई, म्हणून मीही त्यांच्याबरोबर बसे. बाबा वाटीतला घास तोंडात घालून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ही खरी चव. लहानपणीची चव. मग मला चमचाभर द्यायचे, प्रसाद वाटल्यासारखा. मी प्रामाणिकपणे चावून बघायचे. मला काही फरक कळायचा नाही. तसं म्हटलं की, कँटीनच्या वड्यांनी तुझी जीभ मेलीय, असं उत्तर मिळायचं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, तसं त्यांचं भाजीचं झालं होतं.

एकदा मी इतकी वैतागले की स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, तू एक दिवस बाबांच्या वाटीत बाजारातलीच भाजी घाल ना. कळणारसुद्धा नाही त्यांना. मग मी सांगते सगळ्यांसमोर. एका दिवसात मंडळ बंद. आई घरात माझ्याशी मालवणीत बोलायची. तिने हातातलं वांगं खाली ठेवलं आणि म्हणाली, "जेवणात खोटा करूचा नाय." पुन्हा हा विषय काढायचा नाही, असा त्या आवाजाचा अर्थ होता. मी काढला नाही. पण राग मात्र तिचाही आला. इतकी साधी बाई असू नये, असं मला तेव्हा वाटायचं.

वर्ष होत आलं तेव्हा मंडळाला गच्ची दिसली. पट्टी पुरत नाही, तर गच्चीवर लाकडी खोकी मांडायची, त्यात शेणखत-माती भरायची आणि अख्ख्या सोसायटीला सेंद्रिय भाजी पुरवायची, असा ठराव झाला. ठरावात खोकी किती, माती किती, सगळं होतं. गच्चीवर नळ नाही, हे नव्हतं. त्या संध्याकाळी आई चाळणीत तांदूळ घेऊन बसली होती, मी शेजारी. बराच वेळ ती निवडतच नव्हती, नुसती बोटं फिरवत होती. मग म्हणाली, "गच्चयेर पाणी कोण व्हरतलो गो?"

पाणी गच्चीवर कोण नेणार. तीन मजले, रोज, पहाटे. उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते, जिन्यावर ती कठड्याला धरून चढायची. शिवाय पापड, कुरडया, सांडगे, वर्षाच्या मिरच्या, कोकमं, सगळं गच्चीवर वाळायचं. ती जागाही गेली असती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ठरवलं की गच्ची ह्यांना मिळू द्यायची नाही. आई बोलणार नाही, तर तिच्यासाठी मी बोलेन.

परवानगी होती सेक्रेटरींच्या हातात. ते गुजराती, हार्डवेअरचं दुकान, मराठी आमच्यासारखंच फर्डं बोलायचे, आणि एकाही गोष्टीला चटकन हो म्हणायचे नाहीत. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि म्हटलं, काका, आधी ह्यांना सिद्ध करू द्या की चवीत फरक असतो. भाजी कुठली ते न सांगता परीक्षा घेऊ. दोन वाट्या, एकीत शेणखताची भाजी, एकीत रासायनिक खताची. ओळखली तर द्या गच्ची. सेक्रेटरींना हे फार आवडलं. बाबांना तर त्याहून आवडलं. आपण हरू शकतो ही शक्यता त्यांच्या डोक्यात आलीच नाही. उलट त्यांना वाटलं, चला, पोरीला अक्कल आली.

मी शास्त्राची विद्यार्थिनी, तेव्हा प्रयोग चोख करायचं मी मनावर घेतलं. जर्नलच्या कोऱ्या पानावर सगळं लिहून काढलं. भाजी एकच, लाल माठ. तोडणी एकाच सकाळी. तेल, कांदा, मिरची, खोबरं मोजून सारखं. मीठ चमच्याने सपाट. हात एकच, म्हणजे आईचा. आणि दोन्ही भाज्या गॅसवरून थेट वाटीत, वाफ असताना खायच्या, कारण निवलेल्या भाजीची खरी चव कळत नाही. हा शेवटचा मुद्दा मी अधोरेखित केला होता. चाखणारे सहा: मंडळाचे चौघे, सेक्रेटरी आणि मी.

बाजारातला माठ आणण्यावरून एक भांडण झालंच. मास्तर म्हणाले, रेल्वे रुळांलगतचा आणू नका, तो गटाराच्या पाण्यावर वाढतो. मी म्हटलं, म्हणजे त्याला युरिया नाही, नुसतं गटार. मग तो तुमच्यापेक्षा सेंद्रिय झाला. बाबांनी मला स्वयंपाकघरात जायला सांगितलं. शेवटी मी वसईहून टोपली घेऊन येणाऱ्या भाजीवालीकडे गेले आणि सरळ विचारलं, मावशी, ह्याला खत घातलंय का? तिला वाटलं मी मालाला नावं ठेवतेय. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, दोन वेळा घातलंय, चांगलं गोणीतलं, आम्ही काय कंजूस वाटलो? अख्ख्या अंधेरीत खताचा अभिमान असलेली ती एकच बाई मला भेटली. मी दोन जुड्या घेतल्या.

रविवार उजाडला. पट्टीवरचा माठ आईने पाणी भरून झाल्यावर खुडला. दोन कढया, शेजारी शेजारी. मी स्वयंपाकघराच्या दारात वही घेऊन उभी, आणि आई मी सांगेन तसं मीठ घालत होती. मध्येच तिचा हात सवयीने पुन्हा मिठाच्या बरणीकडे गेला तर मी तिला टोकलं. आई, अंदाजपंचे नको. ती हसली आणि हात मागे घेतला. शेणखताच्या सहा वाट्यांच्या बुडाला मी कुंकवाचं बोट लावलं, खताच्या वाट्यांना काही नाही. बाहेरून कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

हॉलमध्ये पाट मांडले. सहा ताटं, प्रत्येक ताटात दोन वाट्या, डावी आणि उजवी. कुंकवाची मी सगळ्यांना डावीकडे ठेवली होती. मला स्वतःला ते ठाऊक, म्हणून माझं ताट सेक्रेटरींनी डोळे मिटायला लावून फिरवलं. आई पोळ्या लाटत होती आणि एकेक गरम पोळी आणून वाढत होती.

पहिल्या घासाला बाबांनी डोळे मिटले. मग दुसऱ्या वाटीतला घास घेतला, पुन्हा मिटले. सगळे थांबले. बाबांनी उजव्या वाटीवर बोट ठेवलं. ह्यात माती बोलतेय, ते म्हणाले, दुसरीत नुसता पाला आहे. उजवी वाटी खताची होती. मी तोंडात पोळीचा बोळा कोंबला म्हणून बरं, नाहीतर हसून हसून माझीच वाट लागली असती. मास्तरांनी बोट वर केलं आणि बाबांना अनुमोदन दिलं, त्यांचं अनुमोदन घास गिळायच्या आधीच तयार असायचं. बँकवाले काका बराच वेळ दोन्ही वाट्यांकडे आळीपाळीने बघत राहिले आणि म्हणाले, डावी. डॉक्टरही म्हणाले, डावी, पण परिणाम तीन दिवसांनी कळेल. सेक्रेटरी म्हणाले, मला तर दोन्ही एकसारख्या लागल्या, पण आहेत झकास, अजून वाढा. मीही खरं तेच सांगितलं. मला फरक कळत नव्हता.

म्हणजे दोन इकडे, दोन तिकडे, आणि दोन तटस्थ. वाट्या अजून कुणी उलट्या करायच्या नव्हत्या, तसं ठरलेलं. बाबा म्हणाले, ज्यांना जीभच नाही त्यांची मतं धरायची नाहीत. मास्तर म्हणाले, सभेच्या नियमाप्रमाणे अध्यक्षांचं मत दोन धरावं. अध्यक्ष अर्थात बाबा. आवाज चढायला लागले. मला दिसत होतं की अजून पाच मिनिटांत मंडळ ठराव करून गच्ची स्वतःच स्वतःला देऊन टाकणार. सेक्रेटरींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तेवढ्यात आई पोळी घेऊन बाहेर आली, आणि ते तिला म्हणाले, भाभी, आता तुम्हीच सांगा. वर्षभर ही भाजी तुम्ही करताय, तुमच्याइतकं कुणाला कळणार? तुम्ही म्हणाल ते फायनल.

बाबांनाही ते पटलं. आई आपल्याविरुद्ध बोलणार नाही, याची त्यांना खात्री. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण ना, आई. सारखीच लागते म्हण, आणि सूट त्या जिन्यातून.

आई पोळी हातात धरून तशीच उभी राहिली. लोकांसमोर ती नेहमी ठेवणीतलं मराठी बोलायची, पण त्या क्षणी ते तिला सापडलं नाही.

"मिया खंय खाल्लंय?" ती म्हणाली.

मी कुठे खाल्लीय. कुणाला आधी कळलंच नाही. बाबा म्हणाले, म्हणजे काय, वर्षभर घरात शिजतेय. आई ओशाळली, जणू चूक तिचीच. म्हणाली, वाटीभर तर होते, वाढली की संपते. करताना चाखायची का, असं डॉक्टरांनी विचारलं. तिने मान हलवली. तिच्या आईने शिकवलं होतं, नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही, आणि आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक रोज आधी देवाला जायचा. मिठाचा अंदाज ती वासावर घ्यायची. नैवेद्य झाला की आम्ही बसायचो, आणि आम्ही उठेपर्यंत वाटी पुसलेली असायची.

सेक्रेटरी पाटावरून उठले. म्हणाले, भाभी, बसा इथे. ती नको नको म्हणत होती. पुरुषांच्या पंगतीत बसायचं म्हणजे तिला कसंतरीच होत होतं. शेवटी ती पाटाच्या कडेला, अर्धवट उठायच्या तयारीतच बसली. मी आत जाऊन दोन्ही कढयांतली उरलेली भाजी तिच्यासाठी वाढून आणली, गॅस मंद होता, वाफा येत होत्या. तिने आणलेली पोळी तिच्याच ताटात पडली.

तिने डाव्या वाटीतला घास घेतला. मग उजव्या. आम्ही सहा जण तिच्या तोंडाकडे बघत होतो. पुन्हा डाव्या वाटीतला घेतला. पुन्हा उजव्या. मग हळूहळू तिचं आमच्याकडे लक्षच राहिलं नाही. पदर सावरून ती पाटावर नीट मागे सरकून बसली आणि जेवायला लागली. अख्खी पोळी संपवली. बाबा एकदा खाकरले. तिने ऐकलं नसावं.

मग तिने वर बघितलं आणि म्हणाली, "गरम भाजी अशी लागता होय."

मग तिला स्वतःचंच हसू आलं, आणि ती ठेवणीतल्या मराठीत म्हणाली की दोन्ही छान आहेत, तिला काही वेगळं वाटलं नाही. पोळ्या लाटायच्या राहिल्यात म्हणत ती आत गेली.

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे निकाल दिला. फरक नाही, गच्ची नाही. मी वाट्या उलट्या केल्या, आणि बाबांनी वर्षभर डोळे मिटून ओळखलेली माती गोणीतल्या युरियाची निघाली. बाबा म्हणाले, वाट्यांची अदलाबदल झाली. बँकवाले काका आणि डॉक्टर यांनी आपण बरोबर ओळखलं म्हणून एकमेकांशी हात मिळवले. मास्तरांनी मंडळाच्या वहीत लिहिलं की प्रयोगात भाजीच्या तापमानाचा प्रश्न उपस्थित झाला असून त्यावर स्वतंत्र अभ्यास व्हावा. खाली शिक्का. पुढे दोन महिन्यांत मंडळ आपोआप विझलं.

मी जिंकले होते. आईचा जिना वाचला, गच्ची वाचली, बाबांची जिरली. जर्नल आवरायला घेतलं तर ते पान समोर आलं, माझ्याच अक्षरातलं. वर चाखणारे सहा, त्यांत माझं नाव. खाली साहित्याची यादी मी कॉलेजच्या सवयीने केली होती. दोन कढया, बारा वाट्या, तेल, मीठ, आई. वर्षभर मी बाबांवर दात खात होते. आणि मला कॉलेजची घाई होती म्हणून रोज तव्यावरची पोळी कुणाच्या ताटात पडायची? माझ्या. भाजी निवल्यावर चव कळत नाही हे मी अधोरेखित करून लिहिलं होतं, आणि ज्या बाईला दोन्ही कढया ढवळायला सांगितल्या, ती रोज कधी जेवते हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ते पान फाडलं.

त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, आज तू आधी बसायचं, बाबा मागून. पोळ्या मी करते. तिने बरेच आढेवेढे घेतले, पण बसली. मी तव्यावरची पोळी काढून तिच्या ताटात घातली, वर तूप सोडलं, भाजी वाढली. माझी पोळी कुठल्याशा देशाच्या नकाशासारखी झाली होती, तरी ती तिला छान म्हणाली. तिने पहिला घास मोडला.

हॉलमधून बाबांनी पाणी मागितलं.

आई उठली. तिला अडवायला हवं होतं. पण तव्यावर माझी पोळी करपत होती, म्हणून मी आधी ती उलटली.